पहिला शब्द पोचवणारे चव्हाण सर

चव्हाण सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. हिंगोलीच्या मोंढ्यामागे, म्हणजे शेतमालाच्या बाजारामागे, त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. नोकरी विचारायला मी भरदुपारी गेले, तर हवेत हळदीचा वास आणि सर खुर्चीत निश्चल. झोपलेत असं समजून मी मागे वळले, तेवढ्यात ते म्हणाले, "बसा ताई. हे यंत्र काहून अडलं ते पाहून राहिलो." बिघडलेलं यंत्र आधी मनात सावकाश चालवायचं आणि मगच हात लावायचा, ही त्यांची रीत. आम्ही सहकारी त्यांच्या पाठीमागे 'समाधी लागली' म्हणून हसायचो. आज त्यांच्या साठीनिमित्त हे छापून येतंय, तेव्हा तेही हसतील.

दोन हजारनंतरची ती वर्षं. हिंगोलीजवळच्या गोरेगावात दत्तरावांच्या दुकानात आमचं संगणक केंद्र होतं. तिथली जोडणी बिनतारी, गच्चीवरच्या अँटेनातून यायची. शेजारच्या साखरा गावच्या गयाबाई बाजारच्या दिवशी जीपने तिथे येत. त्यांची उज्ज्वला आईच्या मनाविरुद्ध परदेशी नर्स म्हणून गेली होती आणि जाताना मायलेकींचं बोलणं तुटलं होतं. आता ती संगणकावरून हाक मारायची. गयाबाईंना तिचा आवाज नदीपलीकडून आल्यासारखा, पण स्पष्ट ऐकू येई.

"आई, बोल ना."

"बोलून राहिले ना माय," गयाबाई माइक घट्ट धरून म्हणत.

पलीकडे काहीच पोचत नसे. "अजून राग गेला न्हाई तुझा," म्हणून उज्ज्वला फोन ठेवायची. असं पुन्हा पुन्हा झालं आणि गयाबाईंनी येणं सोडलं. मला ते फार लागलं, मी सरांना सांगितलं.

संगणकाचं म्हणणं अँटेनाला जोडलेल्या बिनतारी कार्डाला समजावणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. सरांचा संशय त्याच्यावर. तो टप्प्याटप्प्याने काय करतो हे पडद्यावर दिसावं म्हणून त्यांनी त्यात काही ओळी घातल्या, आणि बिघाड नाहीसा झाला! ओळी काढल्या की पुन्हा हजर.

"राहू द्या ना सर त्या ओळी," दत्तराव म्हणाले. "बराबर चालून राहिलंय."

"न्हाई दत्तराव. त्या ओळी लिहिण्यात त्याचा वेळ जातो, तेवढ्यात जोडणी पक्की होते. उद्या पलीकडून उशीर झाला की पुन्हा मुकं. त्या माउलीला पुन्हा तोंडघशी पाडायचं का?"

संध्याकाळभर ते गच्चीवर अँटेनाखाली बसून राहिले. समोरची रानं निळसर होत गेली, बाजार उठला, आणि सर जणू त्या अदृश्य लहरींबरोबर जाऊन येत होते. खाली आले ते उत्तर घेऊनच. अँटेनाने नुसता हुंकार दिला की ड्रायव्हर 'तयार' म्हणून मोकळा व्हायचा. दोन्हीकडच्या गुप्त किल्ल्यांची, म्हणजे जोडणी सुरक्षित करणाऱ्या आकड्यांची, देवाणघेवाण मात्र अजून चालूच असायची. त्या मधल्या क्षणात पाठवलेला पहिला संदेशच हरवायचा, आणि पलीकडचा संगणक पूर्ण वेळ आमची बाजू मुकी धरायचा. पक्का होकार येईपर्यंत 'तयार' म्हणायचं नाही आणि तोवरचे संदेश जपून ठेवायचे, असा बदल सरांनी केला.

मग ते स्वतः साखऱ्याला गेले. मीही सोबत होते. "गयाबाई, तुमचं बोलणं लेकीला ऐकूच गेलं न्हाई," ते म्हणाले. "चूक तिची न्हाई, तुमचीबी न्हाई. यंत्राची व्हय." तांड्यावर, घरोघरी जाणं-येणं असलेल्या वस्तीत, वाढलेल्या सरांना कुणाच्याही दारात उभं राहून बोलणं अवघड वाटत नाही. गयाबाई आत गेल्या आणि नवं लुगडं नेसून आल्या.

त्या दिवशी केंद्रात येऊन त्यांनी माइक धरला आणि एवढंच विचारलं, "उज्ज्वले, जेवलीस का?"

 पलीकडून हुंदका आला. "आई, तू बोललीस."

"कवाची बोलून राहिले, बाई."

सर, आपल्याला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. पलीकडचं माणूस बोलत नाही असं समजून अजून कितीतरी जण दूर बसले आहेत, आणि त्यांच्याकडे जाऊन 'चूक तुमची न्हाई' असं सांगणारं कुणी तरी हवं आहे.