आमच्या कुत्र्यावरचा आळ

आमच्या कुत्र्याबद्दल मी बढाया मारते, असं घरात सगळे म्हणतात. मारतेच. लोक लेकाच्या नोकरीच्या मारतात, सुनेच्या माहेरच्या मारतात, दारात उभ्या केलेल्या नव्या ट्रॅक्टरच्या मारतात. त्यांना कुणी अडवत नाही. मग तांबूस रंगाच्या, एक कान उभा आणि एक पडका असलेल्या माझ्या कुत्र्याच्या मी मारल्या तर कुणाच्या पोटात का दुखावं?

त्याला नाव नाही. भोकरदनच्या बाजारात भाजीच्या पालामागे कुडकुडत बसलेलं पिल्लू मी पिशवीत घालून आणलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने एकेक नाव सुचवलं आणि आपलंच नाव राहावं म्हणून सगळे भांडत बसले. भांडण मिटेपर्यंत ते पिल्लू माझ्या "यू यू"ला धावत यायला शिकलं होतं. मग नाव ठेवायचं राहूनच गेलं.

गुडघे दुखायला लागले म्हणून डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं होतं. सांगायला त्यांचं काय जातं? आमच्या गावात बाई शेतात जाते, देवाला जाते, कुणाच्या मयतीला जाते. फिरायला जात नाही. पहिल्या दिवशी पारावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कुठं निघाल्या?"

"फिरायला."

"ते बराबर. पण कुठं?"

पुढच्या वळणावर एका बाईने तेच विचारलं आणि तिलाही माझं उत्तर पटलं नाही. शेवटी मी हातात विळा आणि काखेत गोणपाट घेऊन निघायला लागले. आता कुणी विचारीना. पण भर उन्हाळ्यात रोज रिकामं गोणपाट घेऊन परत येणारी बाई किती दिवस खपणार? "गवत न्हाई गावलं का आज बी?" असं लोक हसून विचारायला लागले, तेव्हा मी वैतागून विळा खुंटीला अडकवला आणि कुत्र्याला सोबत घेतलं.

त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं. "कुत्र्याला फिरवून राह्यल्या," असं म्हणून गाव मोकळं झालं. बाईने स्वतःसाठी फिरणं गावाला समजत नव्हतं, कुत्र्यासाठी फिरणं मात्र समजलं. मला त्याचा रागही आला आणि हसूही आलं. पण माझी वाट कुत्र्याने मोकळी करून दिली, हे खरं.

गावाबाहेर पडलं की आम्ही नाल्याच्या कडेने मोसंबीच्या बागांमागून टेकडीच्या पायथ्यापर्यंत जातो. लग्न होऊन मी या शिवारात आले त्याला उभा जन्म झाला, पण तोवर मला इथे फक्त काम दिसत होतं. कापूस वेचायचा राहिलाय, तण वाढलंय, बांध फुटलाय, एवढंच. कुत्रा थांबायचा म्हणून मी थांबायला लागले. तो बघायचा म्हणून बघायला लागले. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या रानात तित्तिर कसे पळतात, घोरपड उन्हाला कशी येऊन बसते, मोर पिसारा गळाल्यावर कसा ओशाळून झुडपात राहतो, हे सगळं मी त्याच्यामुळे पाहिलं.

आणि त्याची रीत बघा. एकदा उघड्या मुरमाडावर टिटवीची अंडी होती. मला तर खडेच वाटले, मी पाय टाकणारच होते. हा माझ्यासमोर आडवा उभा राहिला. टिटवी डोक्यावर येऊन नुसता कालवा करत होती, टोचायला बघत होती. याने मान खाली घातली, अंड्यांना वळसा घातला आणि पुढे जाऊन माझी वाट बघत बसला. असा कुत्रा दाखवा मला तालुक्यात!

आमच्या शेताला लागून चुलत दिरांचं शेत आहे. त्यांनी मोसंबीच्या बागेसाठी शेततळं खोदलं आणि त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरला. पाणी भरलं तेव्हा पूजा झाली, मी स्वतः तळ्याची ओटी भरली, पुरणपोळ्या खाल्ल्या. तळ्याला बोराट्यांचं काटेरी कुंपण घातलं ते रस्त्याच्या बाजूने आणि आमच्या बाजूने. टेकडीची बाजू मोकळीच ठेवली. आमच्याकडे सगळेच असं करतात. चोर म्हणजे माणूस, आणि माणूस रस्त्यानेच येणार, हे धरून कुंपण घालायचं. "तिकडून कोण येतंय?" असं भावजी म्हणाले होते, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

गेल्या उन्हाळ्यात तळ्याचं पाणी खाली गेलं आणि उघड्या पडलेल्या कागदावर ओरखडे दिसायला लागले. एका जागी तर भोकंच पडली. भावजी तरातरा आमच्या अंगणात आले. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

"वहिनी, तुमचं कुत्रं माझ्या तळ्यात उतरून राह्यलं. समदा कागद फाडला त्यानं."

"माझा कुत्रा न्हाई उतरत, भावजी. काठावर बसतो, पाणी बघतो. त्या काळ्या कागदावर पाय म्हणून टाकत न्हाई, चटका बसतो त्याला."

"मंग नखं काय माझी हायेत? बाग वाळली तर काय करू मी? बांधून ठेवा त्याला. पुन्यांदा तळ्यावर दिसलं तर गाडीत टाकून लांब सोडून येईन. मंग मला बोल लावू नका."

ते गेल्यावर माझे यजमान उठले आणि गोठ्यातली साखळी घेऊन आले. भावकीत वाद नको, हे त्यांचं नेहमीचं पालुपद.

"बांधलं म्हणजे आपण कबूल केलं," मी म्हटलं.

"कुत्र्याला काय कळतंय, आळ आला का गेला?"

"त्याला न्हाई कळत. मला कळतं ना!"

पण साखळी पडलीच. तो भुंकला नाही, की कुणावर गुरगुरला नाही. सकाळी मी चपला घातल्या की उभा राहायचा, साखळी ताणली जायची, मग परत खाली बसायचा. भाकरी हुंगून सोडून द्यायचा. फासळ्या दिसायला लागल्या. मीही फिरायला जाईना. गुडघे कुरकुरायला लागले तरी जाईना. ज्याच्या जिवावर मी गावभर फिरले तो इथे बांधलेला, आणि मी एकटीनेच मोर बघत फिरायचं? माझ्याच्याने झालं नसतं. भावजींनी त्याला खरंच कुठे लांब नेऊन सोडलं तर तो परत यायचा नाही, या भीतीने मीही गप्प होते, आणि त्या गप्प राहण्याचा मला दिवसभर संताप यायचा. घरातली भांडी त्या दिवसांत जरा जास्तच आपटली गेली.

एका सकाळी मात्र राहवलं नाही. यजमान धार काढत होते. मी साखळी सोडली.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"फिरायला," मी म्हटलं, आणि मागे वळून पाहिलं नाही.

नाल्यापर्यंत तो माझ्या पायाशी पायाशी चालला. मग अचानक त्याने नाक वर केलं, उभा कान ताठ केला आणि सुसाट निघाला, सरळ तळ्याकडे.  "यू यू" करून घसा बसला, पण पहिल्यांदाच त्याने माझं ऐकलं नाही. गुडघे विसरून मी मागे धावले.

भावजी मोटार चालू करायला आलेलेच होते. त्यांनी त्याला बघितलं, ओरडले, दगड उचलला. कुत्रा टेकडीच्या बाजूच्या काठावर उभा राहून तळ्यात तोंड करून भुंकत होता. एरवी न भुंकणारा तो जिवाच्या आकांताने भुंकत होता. दगड त्याच्या मांडीला लागला. तो कळवळला, पाय उचलून धरला, पण जागचा हलला नाही. भावजींनी दुसरा दगड उचलला तोवर मी काठावर पोचले.

पाण्यात कोल्हा होता. पाणी प्यायला उतरला असणार आणि घसरला असणार. नुसतं डोकं वर होतं. पोहत काठाशी यायचा, पुढचे पाय कागदावर रोवायचा, खरखर आवाज होईस्तोवर धडपडायचा आणि परत पाण्यात जायचा. जिथे जिथे तो चढू बघत होता तिथे तिथे कागदावर नवे ओरखडे उठत होते. भावजी आणि मी शेजारी शेजारी उभे राहून ते बघत होतो. त्यांच्या हातातला दगड खाली पडला.

आमच्याकडे सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसणं शुभ मानतात. भावजींनी सवयीने हात जोडले.

"अहो, तो मरून राह्यला आणि तुम्ही पाया काय पडता? खोपीतली बाज आणा!" मी ओरडले.

ते धावले. खोपीतली सुताडाच्या जाड दोरीने विणलेली बाज आणली, तिच्या पायांना नायलॉनचा दोर बांधला आणि आम्ही ती उतारावरून पाण्यात सोडली. कोल्हा घाबरून पलीकडे गेला. दमला होता, मधूनच बुडत होता. कुत्रा भुंकतोय तोवर तो अलीकडे येणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. साखळी तर घरी राहिली होती. मी कुत्र्याजवळ खाली बसले आणि हळूच म्हटलं, "बस. गप बस आता."

तो बसला. अंग थरथरत होतं, मांडी दगडाने सुजली होती, तरी बसला. बऱ्याच वेळाने कोल्हा फिरून बाजेशी आला. एकदा घसरला. मग पंजे सुताडात अडकले आणि तो बाजेवरून चढत चढत वर आला. निथळत काठावर उभा राहिला. आमच्या कुत्र्याच्या अगदी समोर! गावातल्या कुठल्याही कुत्र्याने त्याचा फडशा पाडला असता. आमच्याने घशातल्या घशात बारीकसा आवाज केला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बसून राहिला. कोल्हा लंगडत टेकडीकडे गेला आणि तरवडाच्या झुडपांत दिसेनासा झाला.

माझ्या पोरांनी आयुष्यात बऱ्यापैकी नाव काढलं आहे, मला त्यांचं कौतुक आहेच. पण त्या सकाळी माझा ऊर जितका भरून आला तितका कुणाच्याच निकालाला आला नव्हता. हे पोरांना माहीत आहे, मी त्यांना सांगितलं आहे. मी कुत्र्याच्या मानेत तोंड घालून रडले. भावजी समोर होते. असू देत.

भावजींनी बाज तिथेच दोराने बांधून पाण्यात लोंबती ठेवली, आणि दोन दिवसांत टेकडीच्या बाजूलाही कुंपण घातलं. कुंपण झालं त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. या वेळी चहा घेतला, बशीत बिस्किटं घेतली. मोसंबीच्या भावाचं बोलले, उन्हाचं बोलले. मग बशीकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुम्ही सकाळी जाताच. तळ्यावरून चक्कर मारत जा म्हणलं. आत काही पडलं तर त्याला बराबर कळतंय. कुंपणाखालून बी घुसतेत जनावरं."

"जाईल की, त्यात काय!" यजमान लगेच म्हणाले.

"तुम्ही थांबा," मी त्यांना म्हटलं. "भावजी, मला काय विचारता? ज्याच्यावर आळ घेतला त्याला विचारा."

यजमानांनी कपाळाला हात लावला. भावजी म्हणजे गावात चार माणसं ज्यांचा सल्ला विचारतात असा माणूस. मला वाटलं, आता उठून जाणार. ते उठले, पण पायरी उतरून अंगणात गेले. तिथे कुत्रा मोकळा पडला होता. त्याच्यासमोर ते उकिडवे बसले आणि बशीतलं बिस्कीट त्याच्यापुढे धरलं.

"चुकलं बाबा माझं," ते म्हणाले. "खा."

कुत्र्याने बिस्कीट हुंगलं नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं.  भावजींचा हात पुढे केलेला तसाच राहिला, आणि मी तो थोडा वेळ तसाच राहू दिला. मग म्हटलं, "घे."