सरगुंडे करणाऱ्या बाया

अकोल्याच्या बसस्टँडवर मला पोचवायला एकटी सुमन आली होती. सुमन म्हणजे माझी धाकटी जाऊ. एका हातात कपड्यांची बॅग, काखेत ड्रॉइंगबोर्ड, आणि तो बोर्ड काही बसच्या दारातून आत जाईना. कंडक्टर म्हणाला, "काकू, घराचा दरवाजा काढून आणला का?" सगळी बस हसली. सुमनही हसली. मग खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, अजून बी उतरा. कोणी काई म्हणणार नाई."

मी उतरले नाही. चौपन्न वर्षांची होते मी तेव्हा. चार वर्षं झाली त्याला. हे सगळं मी सुमनसाठी लिहिते आहे, गावातल्या आमच्या गल्लीतल्या बायांसाठी, आणि माझ्यासारखं कोणी चांगलं चालतं घर सोडून निघालं असेल तर त्यांच्यासाठीही.

आता कोणी विचारेल, या वयात अमरावतीला कशाला? तर चित्र शिकायला. हसा. मी पण हसायचे सुरुवातीला. लग्नाआधी दहावी झाली होती. आमचे मालक वारल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी केली, मग सातवी-आठवीच्या पोरापोरींच्या रांगेत बसून ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, आई, छंद म्हणून कर ना, डिग्रीचं काय करायचं तुला? त्याचं चूक नव्हतं. पण मला छंद नको होता. मला आपलं काम म्हणून चित्र करायचं होतं, आणि कॉलेजच्या कागदाशिवाय ते काम कोणी देत नाही, एवढं मला कळलं होतं.

चित्राचा हात मला माहेरी असल्यापासूनच होता. आमच्याकडं लग्नघराची भिंत रंगवतात, ते पंचक्रोशीत मीच करायची. आई बघायची आणि म्हणायची, "हात चांगला आहे पोरीचा." बाबा तिथंच बसून म्हणायचे, "हातानं काय होते?" दोघांची वाक्यं एकामागून एक यायची, ठरल्यासारखी.

कॉलेजात पहिल्या दिवशी सर वर्गात आले तशी मी उठून उभी राहिले. सर माझ्या मुलाच्या वयाचे. बिचारे लाजले, "काकू, बसा ना." मग सगळा वर्गच काकू म्हणायला लागला. त्यातली ऋतुजा तिवस्याची. तिनं मला फोनवरून फॉर्म भरायला शिकवलं, पर्स्पेक्टिव्ह शिकवलं, इन्स्टाग्रामवर पान उघडून दिलं. त्या बदल्यात मी तिला डब्यातली भाकर द्यायची. राहायला एक खोली मिळाली होती. मालकीण चांगली, फक्त भिंतीला खिळा मारायचा नाही. माझ्यासारखीला भिंत असून नसल्यासारखीच.

शेवटच्या वर्षी मी मोठं चित्र काढलं. मांजरपाट ताणून सहा फुटांची चौकट केली. लग्नाच्या आधी बाया गोलात बसून सरगुंडे, म्हणजे शेवयांसारखं वाळवण, करतात, काडीवर पिठाची वळी फिरवत, तोंडानं गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढत, तेच. प्रत्येक बाई आमच्या गल्लीतली. सुमन होती, पदर खोचून, कोणाची तरी नक्कल करत. आणि मधोमध, माहेराहून आणून बसवलेली, माझी आई होती.

आईचा फोटो नाही आमच्याकडं. एकही नाही. ती गेली तेव्हा कोणाच्या लक्षातच आलं नाही की हिचा कधी फोटो काढला नाही. या चित्रात ती मला सापडली. खालचा ओठ जरा पुढं, डोळे काडीवर, पण कान सगळ्यांच्या बोलण्याकडं. ब्रश खाली ठेवून मी कितीतरी वेळ नुसती तिच्यासमोर बसले होते.

सरांना चित्र फार आवडलं. हा रंग कसा काय असा मातीसारखा दिसतो, कोणतं माध्यम, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरचंच आहे सर. त्यांना वाटलं मी ॲक्रिलिकमध्ये काहीतरी मिसळते. मी तर भिंतीला करते तेच केलं होतं. गेरू, पिवडी, चुना, काजळी, नीळ, आणि सगळं बाभळीच्या डिंकात. रंगाचे तीन-तीन जाड हात दिले होते, भिंतीला देते तसे. फॉर्मवर माध्यमाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं तर ऋतुजा म्हणाली, मिक्स मीडिया लिहा काकू. लिहिलं.

चित्र मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. आमच्या वर्गातून तीनच, त्यात ऋतुजाही. तिथं गॅलरीवाले येतात, पोरांना तिथूनच कामं मिळतात. आणि मला हे एकदाच मिळणार होतं, कारण पुढच्या वर्षी मी विद्यार्थी असणार नव्हते. सुमनला फोन केला तर म्हणाली, "मंग मुंबईवाले मले पाहतीन? चांगलं काढलं ना वं बाई मले?"

सर म्हणाले, कॅनव्हास चौकटीवरून काढा आणि गुंडाळून न्या, तिथं परत ताणू. मी गुंडाळलं. सतरंजी गुंडाळतात तसं, गुडघा देऊन, घट्ट. प्लास्टिकच्या पाइपात घातलं आणि बडनेऱ्याहून गाडीत बसलो. सगळा रस्ता तो पाइप मी मांडीवर धरला होता.

हॉलमध्ये फरशीवर उलगडायला घेतलं. एक टोक ऋतुजानं धरलं, एक मी. पहिल्याच वेढ्याला पीठ सांडावं तसा रंग खाली सांडला. मला वाटलं वरची धूळ असेल. दुसऱ्या वेढ्याला सुमनचा पदर गेला. मी म्हटलं थांब, ऋतुजा, थांब, पण अर्धं उलगडलेलं चित्र कसं थांबवणार? आईपर्यंत आलो तेव्हा तिथं कोरं मांजरपाट होतं आणि एक कान होता.

सर धावत आले. बोटाला रंग लावून पाहिला. "काकू, नुसता डिंक? तो वाळला की कडक होतो, गुंडाळला की तडकतो. मला एकदा विचारायचं ना हो."

काय विचारायचं होतं? विचारण्यासारखं काही आहे हेच मला माहीत नव्हतं. आमच्याकडं आजवर कोणी भिंत गुंडाळून नेली नाही. डिंकाचा रंग जागचा हलला नाही तर टिकतो, एवढंच मला ठाऊक होतं.

असं चित्र लावता येणार नाही, प्रदर्शनवाले म्हणाले. त्यांचंही बरोबर. पण पाट्या आधीच छापून झाल्या होत्या. म्हणून दोन दिवस त्या भिंतीवर माझं नाव होतं, चित्राचं नाव होतं, खाली मिक्स मीडिया होतं, आणि वर मोकळी जागा. लोक यायचे, मोकळ्या जागेकडं बघायचे, पुढं जायचे. एका बाईंनी तर फोटोही काढला, त्यांना वाटलं हेच चित्र आहे. ऋतुजाला तिथंच पुण्याचं एक काम मिळालं. पोरगी माझ्यापुढं आनंद दाखवेना. मीच तिला पेढा भरवला.

परत आल्यावर ते चित्र पुन्हा करायला घेतलं. या वेळी ॲक्रिलिक. आईचा चेहरा चार वेळा काढला. नाक-डोळ्याचं माप बरोबर, उजेड कुठून येतो ते बरोबर. चौथा चेहरा पाहून सर मनापासून म्हणाले, आता जमलं बघा. मी पाहिलं तर एक म्हातारी बाई होती, नीट काढलेली. माझी कोणी नव्हती. चार वर्षं मी हात सुधारला, आणि ज्या हाताला आई ठाऊक होती तो हात कुठं राहिला ते मला सांगता येत नाही.

एवढ्यात सुमनच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न निघालं. भिंत रंगवायला मीच पाहिजे, असं सुमननं बजावलं. मला वाटलं, चला, तिथं तरी हात परत येईल. दोन दिवस आधी गेले, डिंक भिजवला, गेरू कालवला. दारच्या दोन्ही बाजूंना हत्ती काढले. बाया चहाचे कप घेऊन बघत उभ्या होत्या. शेवटी सुमन जवळ आली.

"बाई, रागावू नका. हत्ती लय खरा झाला. पण पैले तुमचे हत्ती हसत होते."

मी बघितलं. खरंच हसत नव्हते. पायांची हाडं बरोबर होती, सावली बरोबर होती. मी सोंड पुसून पुन्हा काढली, मग आणखी एकदा. हळदीची वेळ झाली, तेव्हा तसंच सोडलं.

लग्न छान झालं. निघायच्या दिवशी आहेर वाटणं चाललं होतं. ओसरीवर साड्यांचे गठ्ठे मांडलेले, गावागावाप्रमाणं. मूर्तिजापूर, कारंजा, दर्यापूर. घरच्या बायांच्या साड्या आत कपाटात, त्या मागाहून, निवांत, हसतखेळत घ्यायच्या, हे मला इतक्या वर्षांचं माहीत. मी आत जाऊन बसले. तर पल्लवीची मावशी ओसरीवरून हाक मारायला लागली आणि बाहेरच्या गठ्ठ्यातली एक साडी तिनं माझ्या हातात दिली. वर चिठ्ठी टाचलेली होती. अक्षर पल्लवीचं. ते वळण तिला मीच लावलं, पाटीवर हात धरून. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "काकू, अमरावती".

सुमननं ते पाहिलं. तिचा चेहरा उतरला. पोट्टीनं घाईत लिहिलं, म्हणाली, चिठ्ठी काढायला हात पुढं केला. मी म्हटलं, राहू दे, बरोबर लिहिलं आहे. सगळ्यांच्या पाया पडून झालं आणि मी बस पकडायला निघाले.

साडी जांभळी आहे, काठ चांगला आहे. खोलीत खिळा नाही म्हणून खुर्चीवर ठेवली आहे. चिठ्ठी अजून तशीच आहे.