करड्या आकृत्यांची बाई

आमच्या बेटावर अनेझिनाबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. मी बोलते, कारण भिंतीला भिंत लागून आम्ही आयुष्य काढलं. बंदरापासून देवळापर्यंतच्या चढावर मी गुडघ्यांना बांधायच्या गाद्या विकते. ऑगस्टात पनागियामातेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, सणाला त्या चढावर गालिचा अंथरतात आणि नवस बोललेली माणसं त्यावरून रांगत वर जातात. रांगणाऱ्याला हात लावायचा नाही, नवस मोडतो.

अनेझिनाची मुलगी कालिरोई नशेच्या सुईचं व्यसन सुटावं म्हणून रांगली होती. कुणीतरी सज्जातून मोबाइलवर टिपलं, आणि बेकरीतल्या बायका ते बघून पोरीच्या दंडावरचे डाग मोजत बसल्या. पोरगी समुद्रापलीकडे पिरियस शहरात निघून गेली. व्यसन सुटलं, पण सुटल्यावर पुन्हा रांगत येण्याचा नवस फेडायचा राहिला. "कुणी बघणार नसेल तेव्हा येईन," एवढंच आईला म्हणाली.

पुढे नगरपालिकेत गर्दी बघणारे कॅमेरे आले आणि ते सांभाळायला अनेझिनाला बसवलं. ती हटून बसली. पडद्यावर चेहरे नकोत, नुसत्या करड्या आकृत्या; सण संपला की सगळं पुसायचं. तिच्याच मनासारखं झालं. बाजाराच्या गल्लीत गर्दी दाटली की पडदा लाल व्हायचा, ती लगेच पोलिसांकडून गल्लीचं तोंड बंद करवायची. चेंगराचेंगरी झाली नाही, आणि न झालेल्या गोष्टीचे आभार कोण मानतो? गावाला वेगळीच खाज.

"कोण कोण रांगलं, तेवढं सांग की गं," बेकरीवाली विचारायची.

"माणसं रांगली," ही म्हणायची.

यंदा कालिरोईचा फोन आला. "सणाच्या नवव्या दिवशी, गालिचा उचलायच्या आधी येते. चेहरा नक्की दिसत नाही ना, आई?"

"नाही दिसत. मी बसलेय ना तिथे."

कॅमेऱ्यांच्या मशीनला यंदा एक नवी घंटा होती, कुणी जमिनीवर पडलं की वाजणारी. गालिच्यावर सगळेच रांगत असल्यामुळे सणाच्या सकाळपासून ती थांबेचना. उपनगराध्यक्ष पेराकिस वैतागला आणि त्याने गालिच्यापुरती ती बंद करायला लावली.

"मग तिथे उघड्या डोळ्यांची माणसं उभी करा," अनेझिना म्हणाली.

"बाई, हजारो माणसं आहेत तिथे. अजून किती डोळे हवेत?"

दुपारी उन्हात गालिच्यावरची एक आकृती थांबली ती हललीच नाही. अनेझिनाने वायरलेसवर स्वयंसेवकाला विचारलं. तो म्हणाला, "प्रार्थना करतोय. मध्ये पडायचं नसतं, माहीत नाही का?" शेवटी ती स्वतः धावत आली. म्हातारा थंड पडला होता, आणि लोक त्याला वळसा घालून भक्तिभावाने पुढे रांगत होते.

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेत खापर तिच्याच डोक्यावर फुटलं. चेहरा दिसला असता तर म्हातारा वाचला असता म्हणे.

"चेहरा उघडाच होता की त्याचा," ती म्हणाली. "तुम्ही सगळे शेजारून गेलात."

त्या वाक्याने तिची खुर्ची गेली. चेहरे चालू होणार का, हे तिने विचारलं. "त्यावर अजून काही ठरलं नाही," पेराकिस सरळ चेहऱ्याने म्हणाला. ठरलं होतं, पण तिने विश्वास ठेवला.

नवव्या दिवशी कालिरोई बोटीतून उतरली. लांब बाह्यांचा सदरा होता. माझ्याकडून तिने गाद्या घेतल्या, हसलीसुद्धा. अनेझिना गालिच्याच्या कडेने, हात न लावता, तिच्या बरोबरीने चालू लागली. इतकी सुखी बाई मी त्या चढावर पाहिली नव्हती, आणि मला तिचा हेवा वाटला. मीही मागोमाग निघाले.

अर्ध्या वाटेवर कॉफीवाल्याची टेबलं आहेत. पेराकिस तिथे नगरपालिकेच्या कॅमेऱ्याचं चित्र लावलेला मोबाइल टेबलावर टेकवून बसला होता, भोवती पाच-सहा डोकी. त्यात कालिरोईचा घामेजलेला चेहरा, तळहाताएवढा मोठा.

"अनेझिनाची नशेबाज पोरगी ना ही?" बेकरीवाली म्हणाली. "बाह्या बघा किती लांब."

कालिरोईने मान वर केली. आधी मोबाइल पाहिला, मग खांबावरचा कॅमेरा, मग आई.

"आई, तू म्हणाली होतीस."

अनेझिनाने अंगावरची काळी शाल काढून तिच्यावर धरली. घाईत हात खांद्याला लागला.

"हात लावला. मोडला नवस," कॉफीवाला म्हणाला.

कालिरोई उठली, गाद्या सोडून जाताना खाली माझ्या विक्रीच्या टेबलावर ठेवल्या आणि त्याच बोटीने परत गेली. अनेझिना शाल तशीच उघडून धरून रिकाम्या गालिच्यावर उभी होती. कॉफीवाला पेराकिसला म्हणत होता, "चित्र जरा मागे घ्या ना, पोरीचं तोंड नीट दिसलं नाही."