भिंतीपलीकडचं ‘व्हय’

त्या रविवारी सकाळी मी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. उपासना आटपायची, दुपारच्या एसटीने लांजा गाठायचं आणि तिथून नगरची वाट धरायची, असं ठरवून टाकलं होतं. उपासना म्हणजे तरी काय, अंथरलेली सतरंजी आणि मी. प्रभूच्या सेवेसाठी घर सोडून इथे आलो त्याला एक पावसाळा उलटला होता आणि तेवढ्या काळात त्या सतरंजीवर माझ्याशिवाय कोणी बसलं असेल तर ते काकीचं मांजर. ह्या सेवेचं शिक्षण घेताना आम्हाला विरोध कसा सोसावा हे शिकवलं होतं. लोक हाकलतील, शिव्या देतील, तरी प्रीती सोडायची नाही, हे मी घोकून आलो होतो. पण लांज्याच्या आतल्या ह्या वाडीत मला कोणी हाकललंच नाही. ज्या घरी जावं तिथे "बसा" म्हणत, कोरा चहा देत, पाऊसपाण्याचं बोलत, आणि मी बायबल उघडलं की "आमचं आपलं बरं चाललंय हो" म्हणून हसत. त्या हसण्याने मी पार खचलो. भांडायला कुणी मिळालं असतं तर टिकलो असतो, इतका मी तेव्हा हट्टी होतो.

काकी म्हणजे माझी घरमालकीण. साठी उलटलेली, एकटी. नवरा पूर्वीच गेलेला, मुलगा संदीप मुंबईला नोकरीत, त्याचं बिऱ्हाड नालासोपाऱ्याला. चिऱ्याच्या त्या घराचा अर्धा भाग तिच्या दिराचा. ते कुटुंबही मुंबईला गेलं म्हणून तो मला राहायला मिळाला होता. मधली भिंत छपरापर्यंत पोचलेली नव्हती. वर हातभर मोकळं, त्यामुळे तिकडची फोडणी इकडे आणि इकडचं खोकणं तिकडे. मी देशावरचा, बाजरीची भाकरी शोधणारा, मासे बघून तोंड फिरवणारा. रोज भिंतीवरून प्रश्न यायचा, "काय रे, आज पन बटाटाच?" माझा देव वेगळा आहे, हे मी तिला पहिल्याच दिवशी मोठ्या गंभीरपणे सांगितलं होतं. ती म्हणाली, "वेगळा असंल. पन सकाळी न्हाऊन त्याच्यासमोर बसतोस ना? मंग झालं."

तर त्या रविवारी मी डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. आम्हाला मोठ्यानेच करायला शिकवलेली. प्रभू, माझ्या आईच्या गुडघ्यांना आराम पडू दे, एवढं म्हटलं आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "व्हय म्हाराजा." अंगावर सर्रकन काटा आला. मग आवाज ओळखला, काकीच होती. मी घसा साफ करून पुढे गेलो. वाडीतल्या आजाऱ्यांना बरं कर. "व्हय म्हाराजा." पोटासाठी मुंबईला गेलेल्यांना सुखरूप ठेव. "व्हय म्हाराजा," हे जरा जोरात. मला हसू येत होतं आणि रागही. ज्यांनी कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांना सांगायला हवं. इथे शिमग्याला, देवाच्या कार्याला गावातला जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि त्या एकेका मागण्याला जमलेले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. काकी माझ्या प्रार्थनेला तेच करत होती. शेवटी मी माझं खरं मागणं काढलं. म्हटलं, प्रभू, हे काम माझ्याच्याने होत नाही. मला ह्यातून मोकळं कर, घरी जाऊ दे.

पलीकडून काहीच नाही. मला वाटलं, चुलीकडे गेली असेल. पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. तरी गप्प. फक्त भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला, म्हणजे बाई तिथेच होती. मी चिडून डोळे उघडले आणि भिंतीकडे तोंड करून विचारलं, "काकी, आता का गप्प?"

"त्याला कशी व्हय म्हनू? माझ्या मनात नाय ते."

"मग आधीच्याला कशाला म्हणालात?"

"अरे मेल्या, गाऱ्हाणं एकट्यानं घालायचं नसतं. पाठी कुणीतरी व्हय म्हनाया लागतं. नायतर देवाला वाटंल, ह्यो आपला एकटाच बडबडतोय."

एसटी गेली, मी बसून राहिलो. संध्याकाळी पिशवीतले कपडे काढून पुन्हा दोरीवर टाकले. ह्याला मी चमत्कार म्हणत नाही आणि कुणी म्हटलं तर वादही घालत नाही. मी कितीतरी दिवस प्रभूकडे खूण मागत होतो आणि ती मला एका बाईच्या गप्प बसण्यातून मिळाली, एवढंच मला ठाऊक आहे.

त्यानंतर दर रविवारी काकी भिंतीपलीकडे हजर असे. इकडे मात्र ती कधी आली नाही. "तुझ्याकडं येऊन बसलं तर माझा देव रुसंल," म्हणायची. मीही तो विषय काढणं सोडून दिलं. एकदा मी तिला सांगून पाहिलं की आम्ही शेवटी आमेन म्हणतो. पुढच्या रविवारी तिने मनापासून "आमेन म्हाराजा" म्हटलं आणि मला प्रार्थना अर्धी सोडून हसावं लागलं. तिनेच वाडीत सांगितलं की ह्या पोराचा आवाज मोठा हाय, देवापर्यंत जातो. मग कुणाचं बाळंतपण, कुणाचा ताप, लोक मला बोलवू लागले. मी उशाशी बसायचो, प्रार्थना करायचो, लागलंच तर दवाखान्यात घेऊन जायचो. सतरंजी बहुतेक रिकामीच राहिली, पण तिच्याकडे बघून रडू येणं थांबलं.

पुढच्या वर्षी भातकापणीनंतर काकी उतरत गेली. जेवण जाईना. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी पोटात गाठ आहे म्हणून सांगितलं आणि मुंबईला न्या म्हणाले. संदीप धावत आला. ती हटून बसली, मी घर सोडणार नाय. संदीपने मला बाजूला घेतलं. "तुझं ऐकते ती. सांग ना." मी सांगितलं. ऑपरेशन होईल, बऱ्या व्हाल, शिमग्याला परत याल, असं मी छातीठोकपणे सांगितलं. कशाच्या जोरावर, देव जाणे. ती बरं म्हणाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने देवापुढे दिवा लावला आणि मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं. संदीप गाडीचं बघायला गेला होता. घरात मीच, भिंतीच्या ह्या बाजूला. "बा देवा म्हाराजा, झाडामाडांवर नजर ठेव." ती थांबली. कुणासाठी थांबली ते मला कळलं. आजवर हा शब्द मी उच्चारला नव्हता, पण त्या वेळी सहज तोंडून गेला, "व्हय म्हाराजा." "संदीपच्या पोरांना बुद्धी दे." व्हय म्हाराजा. मग तिचा आवाज बारीक झाला. "आनि माला ह्या घरातनं हलवू नको. काय व्हायचं ते हितंच होऊ दे."

मी गप्प राहिलो. शब्द अगदी ओठांवर होता. पण मला ती जगायला हवी होती. तिच्या गप्प बसण्याने मी थांबलो, तर माझ्या गप्प बसण्याने तीही ह्या जगात थांबेल, असं काहीतरी वेडं गणित माझ्या डोक्यात होतं. देवाच्या इच्छेपुढे मान तुकवा, असं घरोघर सांगणारा मी, त्या क्षणी देवाने काय द्यायचं ते स्वतःच ठरवत होतो. पलीकडे ती वाट बघत राहिली. दिव्याची वात तडतडलेली ऐकू आली. मग ती हसली.

"बरा शिकलास रे, मेल्या."

सकाळी गाडीत बसण्याआधी तिने उंबऱ्याला हात लावला आणि मांजराला उपाशी ठेवू नको म्हणाली. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उठली नाही. तिथल्या डॉक्टरांनी संदीपला सांगितलं की उशीर आधीच झाला होता, आता कुणाच्या हातात काही नव्हतं. शेवटी शेवटी ती संदीपच्या नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये पडून विचारायची, पडवीचं दार ओढून घेतलंस का. ती गेल्यावर संदीपने हे सांगितलं आणि मी फोन हातात धरून ढसाढसा रडलो. तिने फक्त आपलं घर मागितलं होतं.

दिवसकार्य गावीच झालं. त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीसारखी सतरंजी टाकली. पलीकडे संदीप आणि त्याची बायको सामान आवरत होती. प्रार्थना करायची हिंमत होत नव्हती. शेवटी म्हटलं, प्रभू, मी अडवून धरलं ते तू देऊन टाक. काकीला तिच्या घरी पोचव. पलीकडची आवराआवर थांबली. मी डोळे मिटून तसाच बसलो. भिंतीवरून संदीपचा आवाज आला, पार फुटलेला.

"व्हय म्हाराजा."

प्रभूचे मी आभार मानतो की त्याने मला ह्या घरात आणलं आणि एकट्याला प्रार्थना करू दिली नाही. आता कुणीही काहीही मागत असलं तरी माझ्या मनात काय आहे हे मी आधी बाजूला ठेवतो आणि त्याच्या पाठी उभा राहतो. तो एक शब्द मला तेव्हाही येत होता. काकी ऐकायला होती तेव्हा तिच्या शेवटच्या मागण्याला तो मी म्हटला नाही.