सुतकातल्या किटल्या

विलायती मातीच्या जुन्या किटल्या जमवणारा अख्ख्या महाडात मी एकटाच होतो, आणि लोकांच्या मते तेवढा एक वेडा पुरे होता. दगडासारखी टणक, तपकिरी माती, साच्यातून काढलेली. अंगावर उठावाचे द्राक्षवेल, नाहीतर हरणामागे धावणारे कुत्रे. घाटावरच्या बंगल्यांत साहेबांचे खानसामे असलेल्या पोलादपूर-कुडपणच्या माणसांनी त्या खाली आणल्या होत्या. त्यांच्या घरांत कुणी त्यांत मीठ ठेवी, कुणी भोपळ्याचं बी. सुट्टीत पायपीट करून, हातापाया पडून मी एकेक मिळवली. माझ्या कारकुनी जन्मात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

ऐन उन्हाळ्यात वडील गेले. दहाव्याला मी सावित्रीच्या काठी बसलो होतो. कावळा पिंडाला शिवेना, म्हणून ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच अडकलो. इकडे घरी आत्याने सुतकाची साफसफाई काढली. मातीची भांडी टाकायची, धातूची घासून घ्यायची, ही रीत मलाही ठाऊक होती. ती माझ्या फळीपर्यंत पोचेल, हे मात्र ध्यानीमनी नव्हतं.

परतलो तर फळी रिकामी.

"आत्या, किटल्या कुठायत?"

"ओढ्यात फोडल्या रे. तुझी बायको नको नको म्हणत होती, पण माती ती मातीच. तिचा विटाळ जात नाय."

ओल्या पंच्यानिशी तसाच ओढ्याकडे धावलो. कोरड्या खडकांवर नुसत्या ठिकऱ्या. कुत्र्याचं धड सापडलं, पाय सापडेनात. एक तोटी अखंड मिळाली, तेव्हा वाटलं, एखादी तरी वाचली असेल. वेड्यासारखे दगड उलथे केले, बोटं कापून घेतली. वडील गेले तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिथे मात्र ओक्साबोक्शी रडलो. शेजारी हळहळले, बापाचा फार लळा हो याला! त्यांना एकेक धोंडा हाणावासा वाटला.

घरी आलो. भावासाठी रडून आत्याचे डोळे सुजले होते. तिने एक पाट माझ्यापुढे सरकवला. काही किटल्यांना बिजागरीने बसवलेली कथलाची झाकणं होती. ती तिने सुरीने उचकटून काढली होती, चिंच लावून लख्ख घासली होती आणि पाटावर ओळीने मांडली होती.

"धातूला विटाळ नाय. तुझा जीव हाय यांच्यात, ठाऊक हाय मला. मोज रे, एकपण हरवलं नाय."

मी मोजली. एकही हरवलं नव्हतं.