टवक्याचा वाडगा

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या काकांना सगळे 'खोडरबर' म्हणत. निवृत्तीनंतर ते शेजारच्या बाईंकडे कागदाच्या शोभेच्या वस्तू करायला शिकू लागले, त्याला कारण होता बायकोचा चिनी मातीचा वाडगा. ती त्यात सुटी बटणं ठेवायची. ती गेल्यावर लेकीनं आईची आठवण म्हणून तो मागितला आणि काकांना नाही म्हणवेना. लेक न्यायला येण्याआधी त्यांना आपल्यापुरता तसाच एक कागदाचा करून ठेवायचा होता.

"काका, कागद फाडायचाय, वाचायचा नाहीये!" बाई वैतागल्या. काका रद्दीची प्रत्येक पट्टी वाचत, चूक दिसली की पेन्सिलीनं सुधारत आणि मगच खळीत बुडवत.

"हाडीमाशी खिळलेली सवय हो, बाई."

"मग तुमचा वाडगा पुढच्या जन्मीच वाळायचा!"

पालथ्या चिनी मातीच्या वाडग्याला तेल चोपडून त्यांनी थर चढवले. काठाचा टवका उडाला होता, तिथे लगदा भरून काठ गोल केला. चार दिवसांनी कागदाचा वाडगा अलगद सुटला. काकांनी तो रंगवला, त्यात बटणं घातली आणि बराच वेळ बघत बसले. वाडगा बिनचूक होता, पण बायकोचा वाटत नव्हता. बटण शोधताना तिचा अंगठा नेमका त्या टवक्यात टेकलेला असायचा.

त्यांनी कात्री घेतली.

"अहो, इतका सुरेख काठ का कापताय?"

"मूळ प्रतीत असंच आहे, बाई," काका म्हणाले आणि त्यांनी खाचेत अंगठा टेकवून पाहिला.