कळसावरचं कुंकू

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेठच्या शाळेत वह्या मोजून देत होते. काम दुसऱ्या बाईंकडे सोपवलं आणि मिळेल त्या गाडीने महाळुंगे पडवळ गाठलं. इंदूअक्का माझी थोरली जाऊ. दारात जमलेल्या बायका रडता रडता एकच म्हणत होत्या, "आता आमच्या माळा कोण बघनार?" श्रावणातली ती सकाळ तशी वाईटच, पण हे ऐकून मला अभिमान वाटला. तो लपवायचं कारण दिसत नाही.

अक्का एलईडीच्या माळा दुरुस्त करायच्या. एक दिवा गेला की माळेचा अख्खा पट्टा अंधारात जातो आणि लोक माळ उकिरड्यावर टाकतात. सातवी शिकलेल्या अक्कांनी अशा टाकलेल्या माळा उकलून पाहिल्या आणि थोरले दीर तरुणपणी वारल्यावर घरात पडून असलेल्या सोल्डरिंग गनवर हात बसवला. दोन सुयांना वायर बांधून ती चपट्या गोल सेलला जोडायची आणि एकेका दिव्याच्या पायांना सुया टेकवत जायचं. पेटला तो चांगला, नाही पेटला तो 'रुसलेला'. रुसलेला दिवा कापून वायर थेट जोडली तरी माळ लागते, पुष्कळजण तसंच करतात. अक्कांना ते खपायचं नाही. "एक वगळला की बाकीच्यांवर भार येतो. आज न्हाई कळत, म्हैन्याभरात आनखी चार मरत्यात," असं म्हणून त्या नवा दिवाच बसवायच्या, तोही लांब, म्हणजे धन बाजूचा, पाय कोणत्या बाजूला होता ते बघून.

काही वर्षांपूर्वी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गावातल्या देवीच्या देवळाच्या माळा बंद निघाल्या. उत्सवाचं काम बघणारे बबनराव त्या घेऊन आले, पण कळसाची माळ काही हातातून सोडेनात. "बाकीच्या बघा अक्का. ही ऱ्हाऊ द्या… तुमाला ठावं हाय."

"काय ठावं हाय? नीट सांगा की राव."

बबनरावांना सांगता येईना. विधवेने देवीला कुंकू लावायचं नाही, ओटी भरायची नाही, हे आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही, पाळतात मात्र सगळे. अक्कांनी माळ त्यांच्या हातातून काढून घेतली. काही बिघडलं असतं तर बोल दुरुस्तीला नव्हे, त्यांच्या मोकळ्या कपाळाला लागला असता. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

त्या दिवशी रविवार, म्हणून मी अक्कांकडे गेले होते. सुटे दिवे वेगळे करून डब्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम मी मागून घेतलं. दिसायला सगळे पारदर्शक, म्हणून न पेटवताच मी एका डब्यावर 'पांढरे' लिहिलं. माझ्या चिठ्ठीवर विसंबून अक्कांनी त्यातलेच दिवे कळसाच्या माळेत बसवले. दिवसभर लाईट नव्हती, त्यामुळे माळ घरी लावून बघता आली नाही. ती तशीच कळसावर चढली. संध्याकाळी लाईट आली आणि पांढऱ्याशुभ्र कळसावर बरोबर समोर, मधोमध, एकच दिवा लालभडक पेटला. बबनराव अक्कांकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कांनी माझा दंड दाबला.

"म्या लावलाय. देवीला कुंकू नको का?"

मग वाड्यावरची एक म्हातारी धनगरीण पुढे आली, तिने हात जोडले आणि म्हणाली, "लई शोभतंय गं बाई!" तिच्यामागून बायका हात जोडायला लागल्या. पुढच्या वर्षी बबनराव माळ घेऊन आले ते सांगतच, "अक्का, कुंकू इसरू नका."

यंदा घटस्थापनेआधी ते माळ घेऊन पेठला माझ्याकडे आले. म्हणाले, "कुंकू मातुर अक्कांच्याच डब्यातलं पायजे." इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी सांगून टाकलं, की तो पहिला लाल दिवा माझी चूक होती.

"ठावं हाय," बबनराव हसले. "अक्कांनी कवाच सांगितलं व्हतं. म्हनल्या, शैलाला कळू देऊ नका, चिठ्ठ्या लावायचं सोडंल."

मी हसले आणि माळ त्यांच्या हातातून काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी महाळुंग्याला जाऊन अक्कांच्या खोलीतला डबा काढला. या वेळी एकेक दिवा सेलवर पेटवून पाहिला. लाल अठरा निघाले. एक कळसाच्या माळेत बसवला, लांब पाय बघून. उरलेले वेगळ्या डबीत घातले आणि चिठ्ठी लावली: 'अक्कांचं कुंकू. सतरा. पेटवून पाहिले.'